मुलांची चित्रे आणि दंतवैद्याची भीती

सहा-सात वर्षांचे मूल दंतवैद्याच्या खुर्चीत बसविले आणि "तुला भीती वाटते का?" असे विचारले, तर ते बहुधा नुसती मान हलविते. त्यावरून फारसे काही उमगत नाही. एखाद्यास आईदेखत भीती कबूल करण्याची लाज वाटते. दुसऱ्यास मनातले सांगावयास शब्दच सापडत नाहीत.

आणि ते कळणे तर अगत्याचे असते. भ्यालेले मूल तोंड घट्ट मिटून घेते, काम अर्धवट राहते, पुढच्या खेपेस आईबापच टाळाटाळ करतात. दाताची कीड मात्र थांबत नाही. ती आतल्या मज्जेपर्यंत पोचली म्हणजे ठणका सुरू होतो, आणि जे काम लहानशा भरणाने भागले असते त्यासाठी कधी कधी दातच काढावा लागतो. ज्या वेदनेला मूल भीत होते तीच अखेर त्याच्या वाट्यास येते.

मुलाचे वर्तन पाहून त्यास चार श्रेणींपैकी एकीत बसविण्याची पद्धत अमेरिकेत फ्रँकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली मांडली. ती आजही प्रचारात आहे. परंतु ती वर्तन मोजते, भीती नव्हे. खुर्चीचे हात आवळून निमूटपणे बसलेले मूल तिच्यानुसार सहकार्य करणारे ठरते! अशा मुकाट मुलाच्या मनात डोकावण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच्या हाती कागद व रंगखडू देणे.

मुलांच्या चित्रांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची प्रथा जुनी आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषीने 1926 साली मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याची बुद्धी अजमावण्याची कसोटी तयार केली. 1949 मध्ये कॅरन मॅकोव्हर यांनी अशाच चित्रांत भावनांचा शोध घेतला. पुढे 1999 साली क्लॅटवर्दी व त्यांच्या सहकारिणींनी रुग्णालयातील मुलांसाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात मुलास कोरा कागद व आठ रंगांचे खडू देऊन रुग्णालयातील माणसाचे चित्र काढावयास सांगतात. दंतचिकित्सेच्या अभ्यासकांनी पुढे हीच रीत आपल्या दवाखान्यात आणली.

चित्र सुंदर आहे की नाही हे येथे पाहावयाचे नसते. पहिल्या भागात चौदा बाबी तपासून प्रत्येकीस एक ते दहा गुण देतात: माणूस कागदावर कोठे आहे, केवढा आहे, चेहऱ्यावर कोणता भाव आहे, डोळे कसे आहेत, किती रंग वापरले, रेघा ठाम आहेत की कापऱ्या, उपकरणे दाखविली आहेत काय. भले मोठे यंत्र आणि कागदाच्या कोपऱ्यात इवलेसे मूल, असे चित्र पाहून कोणाही जाणत्या माणसास थांबावेसे वाटेल. दुसऱ्या भागात एखादा अवयव गाळणे, वाजवीपेक्षा मोठा काढणे, गडद छटांनी भरून टाकणे, अशा खुणांचे गुण असतात. तिसऱ्यात समग्र चित्रावरून मनावर उमटलेला ठसा एक ते दहा गुणांत नोंदवितात. बेरीज जितकी अधिक, तितकी चिंता अधिक.

ही पद्धत मोहक आहे, म्हणूनच जपून वापरली पाहिजे. चार वर्षांच्या मुलाने हात काढले नाहीत, तर ते भीतीमुळे की अजून हात काढावयास तो शिकलाच नाही म्हणून? ज्या घरी रंगखडू कधी आलेच नाहीत, तेथील मुलाची रेघ कापरी असणारच. काळा रंग म्हणजे दुःख, हे समीकरण तर निखालस भाबडे होय; कदाचित तोच खडू हाताशी असेल. चित्रांवरून मनाचे निदान करण्याच्या साऱ्याच पद्धतींच्या विश्वसनीयतेवर मानसशास्त्रज्ञांनी कठोर आक्षेप घेतलेले आहेत. सबब एकट्या चित्रावरून कोणत्याही मुलावर 'भित्रा' असा शिक्का मारणे योग्य नाही. वर्तनाची नोंद व पालकांचे कथन यांच्या जोडीनेच ते वाचावे.

माझ्या मते चित्राचा खरा उपयोग गुणांच्या बेरजेहून वेगळा आहे. चित्र पुरे झाल्यावर दंतवैद्याने त्यातील एखाद्या वस्तूवर बोट ठेवून "हे काय रे?" असे विचारावे. "ही सुई," असे उत्तर आले, तर भीतीचे नेमके ठिकाण सापडले. मग आधी सांगणे, नंतर दाखविणे, आणि त्यानंतरच करणे, ही ॲडल्स्टन यांनी 1959 साली पुरस्कारिलेली रीत कोठून सुरू करावयाची, हे दंतवैद्यास त्या कागदावरूनच ठरविता येते.