माणसांना जागा आहे, गाडीला नाही

जून जवळ आला की इंग्लंडमधल्या कुठल्यातरी मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर स्कॉटलंडचा नकाशा येतोच. एडिनबरा झालेलं असतं, स्कायही झालेलं असतं. मग कोणीतरी नकाशाच्या पार डाव्या कडेला खूण करून विचारतं, ही जी बेटांची लांब माळ दिसतेय, तिथे जायचं का? आठ जण, दोन गाड्या, पाच दिवस. इथपर्यंत सगळे उत्साहात. मग त्यातला एक बिचारा बोटीचं बुकिंग बघायला जातो आणि ग्रुपवर शांतता पसरते. हव्या त्या दिवशी गाडीला जागाच नसते. पाच मिनिटांनी निष्कर्ष निघतो, "बोट फुल्ल आहे, पुढच्या वर्षी बघू."

बोट फुल्ल नसते. फुल्ल असतो तो गाड्यांचा डेक. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यामागे बराच इतिहास आणि थोडं राजकारण आहे.

या माळेचं इंग्रजी नाव आउटर हेब्रिडीज, गेलिक नाव 'ना हेलानन शिअर', म्हणजे पश्चिमेची बेटं. टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर लांबी आणि वस्ती जेमतेम सव्वीस हजारांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसं, तीही एवढ्या अंतरावर विखुरलेली. इथे जाणाऱ्या बहुतेक सगळ्या बोटी कॅलेडोनियन मॅकब्रेन या सरकारी मालकीच्या कंपनीच्या. सगळे तिला 'कॅलमॅक' म्हणतात. तिची 'लॉक सीफोर्थ' ही उलापूल ते स्टॉर्नोवे या मार्गावरची मोठी बोट घ्या. तिच्यावर सातशे प्रवासी मावतात आणि गाड्या १४३. आता साधा भागाकार करा. बोट दोन्ही अर्थांनी एकदम भरायची, तर प्रत्येक गाडीत पाच माणसं बसलेली हवीत. प्रत्यक्षात एका गाडीत असतात दोघं, फार तर तिघं. शिवाय मोठा मालट्रक आला की सात गाड्यांची जागा तो एकटाच खातो. त्यामुळे डेक आधी भरतो आणि वरच्या मजल्यावर खुर्च्या रिकाम्या राहतात. लहान बोटींवर तर हे आणखी ठळक दिसतं. बारा बेट आणि एरिस्के यांच्यामधल्या बोटीवर दीडशे माणसं चढू शकतात, पण गाड्या वीसच्या आसपासच.

बरं, त्या १४३ जागांवर कोणाकोणाचा डोळा असतो? पर्यटकांचा तर असतोच. पण दुकानात येणारं दूध, पाव, औषधं त्याच डेकवरून येतात. इथली मासळी आणि मेंढरं त्याच डेकवरून बाजाराला जातात. ग्लासगोला तपासणीला निघालेले आजोबा, मेनलँडवर सामन्याला निघालेला शाळेचा संघ, भिंत बांधायला आलेला गवंडी आणि त्याची व्हॅन, सगळे तिथेच. आपण आठ जण दोन गाड्या चढवतो तेव्हा यांच्यापैकी कोणालातरी 'पुढच्या बोटीनं या' असं सांगितलं जाण्याची शक्यता थोडी वाढते. चालत चढलो, तर कोणाचीच जागा घेत नाही.

गाड्यांची ही गर्दी कायम अशी नव्हती. २००८ साली स्कॉटिश सरकारनं या बेटांच्या मार्गांवर एक प्रयोग सुरू केला. बोटीचं भाडं हे तेवढंच अंतर रस्त्यानं कापायला येणाऱ्या खर्चाच्या हिशेबानं ठरवायचं. कल्पना अगदी न्याय्य होती. समुद्र मध्ये आला म्हणून बेटावरच्या माणसानं जास्त पैसे का भरायचे? २०१५पर्यंत ही पद्धत कंपनीच्या सगळ्या बेट-मार्गांवर लागू झाली. भाडी उतरली, स्थानिकांचा फायदा झाला. पण भाडं पर्यटकांसाठीही तेवढंच उतरलं, आणि त्यांच्यामागोमाग कॅम्परव्हॅनही आल्या. डेक मात्र होता तेवढाच राहिला.

बोटीही म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. त्यातल्या काही ऐंशीच्या दशकात बांधलेल्या, म्हणजे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा वयानं मोठ्या. एक बोट बिघडली की तिच्या मार्गावर दुसरी आणायची, म्हणजे तिसरीकडचा मार्ग बंद. २०२३च्या जूनमध्ये नेमकं हेच झालं आणि साउथ युइस्टची लॉकबॉइसडेलची बोट जवळजवळ महिनाभर रद्द राहिली. ऐन हंगामात. शेकडो लोक आपल्या गाड्या, व्हॅन, लॉऱ्या घेऊन निषेधाला धक्क्यावर जमले. नव्या बोटींची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. दोन बोटींचं कंत्राट २०१५ साली दिलं गेलं. त्यातल्या 'ग्लेन सॅनॉक्स'चं २०१७ साली थाटामाटात जलावतरण झालं तेव्हा तिच्या ब्रिजला खऱ्या खिडक्या नव्हत्या, खिडक्यांच्या जागी काळा रंग फासलेला होता. तिनं पहिले प्रवासी नेले जानेवारी २०२५मध्ये, तेही दक्षिणेकडच्या ॲरन बेटाला. आपल्याकडच्या उड्डाणपुलांना उगाच नावं ठेवतो आपण!

मग गाडीशिवाय ही माळ ओलांडता येते का? येते, आणि माझ्या मते तीच खरी मजा आहे. ग्लासगोहून ओबनपर्यंत आगगाडी, साधारण तीन तास. स्टेशनातून बाहेर पडलं की धक्का समोरच. तिथून बारा बेटावरच्या कासलबेला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. धक्क्याजवळच पाण्यात उभा असलेला किल्ला बघून सिंधुदुर्ग-जंजिऱ्याची आठवण येणारच, फक्त आकार खिशात मावेल असा. याच बेटावर विमानतळ आहे आणि त्याची धावपट्टी म्हणजे चक्क समुद्रकिनारा. नियमित विमानसेवा भरती-ओहोटीच्या वाळूवर उतरते अशी ही जगातली एकमेव जागा. अर्थातच वेळापत्रक ठरवतो तो चंद्र.

बारानंतर चाळीस मिनिटांची छोटी बोट एरिस्केला नेते. तिथून पुढे साउथ युइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ युइस्ट, बर्नरे अशी एकामागून एक बेटं येतात, पण बोट लागत नाही. समुद्रात दगडांचा भराव टाकून ती जोडलेली आहेत. माहीम कॉजवे रोज ओलांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, सात बेटांची एक मुंबई अशीच झाली. फरक इतकाच की इथे दोन बेटांमधलं पाणी बुजवून टाकलं नाही. भरावाच्या दोन्ही बाजूंना ओहोटीला मैलभर वाळू उघडी पडते, आणि 'पाणमांजरं रस्ता ओलांडतात, जपून' अशा पाट्या लागतात. आधी लोक ओहोटीची वेळ साधून याच वाळूतून चालत किंवा घोडागाडीनं जात. वेळ चुकली की जिवावर बेतायचं.

हे भराव सहज मिळालेले नाहीत. बाराच्या दक्षिणेला व्हॅटरसे नावाचं छोटं बेट आहे. तिथली गुरं बाजाराला न्यायची तर बोटीच्या मागे बांधून खाडीतून पोहवत न्यावी लागत. १९८६ साली बर्नी नावाचा एक उमदा वळू असाच पोहताना बुडाला. वर्तमानपत्रांत बातमी गाजली, आणि १९९१ साली व्हॅटरसेला रस्ता मिळाला. तोपर्यंत माणसं तक्रार करतच होती, पण दखल घेतली गेली ती बैलाची. बर्नरेला भराव मिळाला १९९९ साली आणि एरिस्केला त्यानंतर दोन वर्षांनी.

या सगळ्या पट्ट्यात बस आहेत, आणि त्यांच्या वेळा शक्यतो बोटींशी जुळवलेल्या असतात. दिवसात मोजक्याच, त्यामुळे एक चुकली तर दुपार गेली. सायकल असेल तर प्रश्नच मिटला. कॅलमॅकवर सायकलला तिकीट नाही, आणि व्हॅटरसेपासून लुइसच्या उत्तर टोकापर्यंत १८५ मैलांचा आखलेला सायकलमार्ग आहे. जायचं मात्र दक्षिणेकडून उत्तरेकडे, कारण वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो आणि तो पाठीशी असलेला बरा. मे-जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावरची 'माखर' फुलते. शंखशिंपल्यांच्या वाळूवर उगवणारं हे गवताळ मैदान. आपल्या कास पठाराची बहीण म्हणा, पण गुडघ्याएवढी आणि समुद्राला चिकटलेली.

बर्नरेहून हॅरिसला जाणारी तासाभराची बोट खडक चुकवत इतकी नागमोडी जाते की समोरचा धक्का सारखा जागा बदलतोय असं वाटतं. उतरता त्या गावाचं नाव लेव्हरबर्ग. हो, तोच लेव्हर, सनलाइट साबणवाला. त्यानं १९१८ साली लुइस बेट विकत घेतलं, मग हॅरिसही, आणि १९२० साली या गावाला स्वतःचं नाव दिलं. बेटं विकत घेणं ही इथे जुनी रीत होती. स्टॉर्नोवे बंदरासमोरच्या झाडीत जो भला मोठा वाडा दिसतो, तो जेम्स मॅथिसनचा. त्यानं १८४४ साली लुइस विकत घेतलं. पैसा कुठला? चीनला विकलेल्या अफूचा. जार्डिन-मॅथिसन कंपनीची बरीचशी अफू माळव्यातली, मुंबई बंदरातून निघालेली, आणि मुंबईतले त्यांचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. जे. जे. हॉस्पिटल आणि स्टॉर्नोवेचा हा वाडा, दोन्हींच्या पायात त्याच व्यापाराचा पैसा आहे. बटाट्यावरच्या रोगानं दुष्काळ पडल्यावर मॅथिसननं धान्य वाटलं हे खरं. पण १८५१ ते १८५५ या काळात दोन हजारांहून अधिक लोकांना जहाजांत बसवून कॅनडाला पाठवलं, हेही खरं. स्वखुशीनं गेले ते थोडेच.

म्हणून बोट, जमीन आणि 'इथे राहायचं कोणी' हे प्रश्न इथे वेगवेगळे नाहीत. २००६ साली साउथ युइस्ट आणि शेजारच्या बेटांवरच्या लोकांनी आपली जमीन सामूहिक मालकीनं विकत घेतली. पण जमीन असून भागत नाही. बोटीचा भरवसा नसला तर तरुण जोडपी मुलाबाळांसह थांबत नाहीत, आणि तरुण घरं गेली की गेलिक जाते. २०२२च्या जनगणनेत इथल्या गेलिक बोलणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याखाली उतरलं. परदेशात मुलांशी मराठी बोलण्यासाठी धडपडणाऱ्यांना यातलं दुःख समजावून सांगायला नको. जाता जाता: स्टॉर्नोवेत १९४०च्या दशकापासून आलेली पाकिस्तानी कुटुंबं आहेत. काउंटरमागचा चेहरा आपल्याकडचा वाटला म्हणून हिंदीत सुरुवात केलीत, तर उत्तर अस्सल बेटावरच्या हेलात मिळेल.

आता टोळक्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. तंबूची चिंता करू नका. स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं तंबू ठोकायचा हक्क दिलाय. हा हक्क चालत किंवा सायकलनं येणाऱ्याला आहे. माखरवर कॅम्परव्हॅन चढवणाऱ्याला नाही. आठ जण असाल तर तंबू दोन ठिकाणी लावा, आठ तंबूंची वसाहत कोणालाच आवडत नाही. वाटखर्चाची पोतडी एकाच्या हातात ठेवा. भाजणी आणि मेतकूट खुशाल न्या, पण दूध, अंडी, पाव तिथल्याच दुकानातून घ्या. बोट रद्द झाल्याची बातमी आली की मात्र आपण सगळी फळी रिकामी करायची नाही.

रविवार विसरू नका. लुइस, हॅरिस आणि नॉर्थ युइस्ट हा कट्टर प्रेस्बिटेरियन भाग. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली नियमित बोट सुटली तीच मुळी २००९ साली, तीही वादावादीनंतर. रविवारी बस मिळणार नाही असंच धरून चाला. दक्षिणेकडे, कॅथलिक बारात, वातावरण सैल असतं. म्हणून शनिवारी रात्रीचा मुक्काम कुठे, हे सगळ्यात आधी ठरवा आणि बाकीचे दिवस त्याभोवती बसवा.

आणि परतीचा एक दिवस मोकळा ठेवा. वारा वाढला की बोटी रद्द होतात, त्याला इलाज नाही. त्यानंतर पहिली बोट सुटते तेव्हा गाडीवाल्यांची रांग दोन-दोन दिवस सरकत नाही आणि पाठीवर पिशवी असलेले बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत निघतात. उलापूलला उतरलात की इन्व्हरनेसची बस धक्क्यावरच उभी असते. मधला मिंचचा समुद्र अडीच तासांचा आहे आणि चांगलाच हलवतो. ज्याला बोट लागते त्यानं रिकाम्या पोटी बसू नये, वर पुढच्या टोकाला जाऊ नये. मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी, खिडकीतून क्षितिज दिसेल अशी जागा धरावी. गाडी लावायची घाई नसल्यामुळे ती जागा तुम्हालाच आधी मिळेल.