‘प्लेग’ : एका शब्दाचा प्रवास

मराठीत अनेक इंग्रजी शब्द शाळा, कचेरी व रेल्वे यांच्याबरोबर आले. ‘प्लेग’ हा शब्द मात्र संकटाबरोबर आला. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात या रोगाची साथ पसरली, पुढे ती पुण्यास पोहोचली आणि निरक्षर माणसाच्याही तोंडी हा परका शब्द रुळला.

या शब्दाचे मूळ ग्रीक ‘प्लेगे’ यात आहे. त्याचा अर्थ आघात, तडाखा. लॅटिनमध्ये त्याचा ‘प्लागा’ झाला आणि फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत उतरला. तेव्हा त्याचा अर्थ रोग एवढाच नव्हता. कोणतेही अरिष्ट ‘प्लेग’ ठरे. बायबलमधील इजिप्तवरच्या दहा ‘प्लेगां’त बेडूक, टोळधाड व गारपीटही आहेत. विशिष्ट रोगाचे नाव हा अर्थ नंतरचा. त्याच अर्थाचा ‘पेस्टिलन्स’ हा शब्द लॅटिन ‘पेस्टिस’वरून आला आहे.

आजही इंग्रजीत ‘प्लेग’ क्रियापद म्हणून सतत छळणे या अर्थी योजतात; एखादी गोष्ट कटाक्षाने टाळण्यास ‘प्लेगसारखे टाळणे’ म्हणतात.

आघात म्हटला की आघात करणारा कोणीतरी असणार, हे ओघाने आलेच. म्हणून रोगी हा ईश्वरी शिक्षेस पात्र ठरलेला, असा समज दृढ झाला. आपल्याकडेही ‘देवी’ या रोगनामामागे दैवी कोपाचीच कल्पना होती. विज्ञानाने हा समज खोडून काढला. 1894 साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जिवाणू शोधला. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांमार्फत तो पसरतो, हे दाखवले. त्या जिवाणूच्या ‘येर्सिनिया पेस्टिस’ या नावात तो जुना लॅटिन शब्द आजही टिकून आहे.

रोग टाळावा, रोग्यास टाळू नये, हा भेद मात्र शब्दकोशात सापडत नाही. तो आचरणातून शिकावा लागतो. पुण्यातील साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली. त्यातच संसर्ग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. मराठीत ‘साथ’ म्हणजे रोगाचा फैलाव, आणि ‘साथ’ म्हणजे सोबतही. सावित्रीबाईंनी पहिल्या साथीत दुसरी साथ दिली. हा शब्द उच्चारताना त्या सोबतीचेही स्मरण असावे.