अंतराळात जाऊन आलेला चांदीचा बिल्ला

अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेत मानसन्मानांची कमतरता नाही. पदके आहेत, प्रशस्तिपत्रे आहेत, रोख बक्षिसेही आहेत. पण या सगळ्यांहून वेगळा आणि जिव्हाळ्याचा मान आहे तो कोटाला टाचायच्या एका इवल्याशा चांदीच्या बिल्ल्याचा. बिल्ल्यावर अवकाशपोशाख चढवून ऐटीत निघालेला एक कुत्रा आहे. हा स्नूपी, चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला. एवढ्या गंभीर संस्थेने व्यंगचित्रातला कुत्रा निवडावा, यामागे एक दुर्घटना आहे.

२७ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडात अपोलो १ची तालीम चालू असताना यानात आग लागली. आत शुद्ध प्राणवायू होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला. त्यामुळे एका ठिणगीने काही सेकंदांत भडका उडाला. यानाचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि आतला दाब वाढल्यावर ते ओढणे माणसाच्या ताकदीबाहेरचे होते. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर जमिनीवरच गेले.

अपोलो या चंद्रमोहिमेसाठी तेव्हा सुमारे ४ लाख माणसे राबत होती. त्यांतली बहुतेक नासाच्या नोकरीत नव्हती. ती देशभरच्या कंत्राटदार कंपन्यांत होती. कोणी तारांचे सांधे जोडत होते, कोणी अवकाशपोशाख शिवत होते. शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईचा एक टाका चुकला तर चंद्रावर कोणाचा तरी जीव जाईल, ही जाणीव एवढ्या लोकांपर्यंत पोहोचवायची कशी? नासाच्या ह्यूस्टन केंद्रातले जनसंपर्क अधिकारी अल चॉप यांना वाटले, अमेरिकी वनखात्याने वणव्यांविरुद्ध स्मोकी नावाचे अस्वल लोकप्रिय केले, तसा सुरक्षिततेसाठी स्नूपी का नको? शुल्झ यांनी होकार दिला आणि चित्रही विनामूल्य काढून दिले. १९६८पासून ‘सिल्व्हर स्नूपी’ पुरस्कार सुरू झाला.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. तो देतात अंतराळवीर. बहुधा ते स्वतः कर्मचाऱ्याच्या कामाच्या जागी जातात आणि सहकाऱ्यांसमोर बिल्ला लावतात. सोबत मानपत्र आणि अंतराळवीराच्या सहीचे पत्र असते. बिल्ला स्टर्लिंग चांदीचा, पण त्याचे खरे मोल चांदीत नाही: प्रत्येक बिल्ला आधी अंतराळात जाऊन आलेला असतो आणि तो कोणत्या मोहिमेत गेला होता, हे नोंदवून दिले जाते. वर्षाकाठी एकूण मनुष्यबळाच्या एक टक्क्याहूनही कमी लोकांच्या वाट्याला तो येतो. उड्डाणाची सुरक्षितता आणि मोहिमेचे यश यांत ठळक हातभार, ही त्याची कसोटी.

कार्यालयांतली बक्षिसे वरचा साहेब खालच्याला देतो आणि पुष्कळदा त्यात साहेबाचीच सोय पाहिलेली असते. इथे दाद देणारा तो आहे, ज्याचा जीव त्या कामावर टांगलेला होता. शिवाय सुरक्षिततेचे काम नीट झाले की दिसते काय, तर काहीच नाही. आग लागत नाही, झडप अडकत नाही. न घडलेल्या अपघाताचे श्रेय कोणाला द्यायचे, हे ठरवणे अवघड. म्हणून मला हा पुरस्कार मोठमोठ्या पदकांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

स्नूपी मग बिल्ल्यापुरता राहिला नाही. मे १९६९मध्ये अपोलो १०च्या चांद्रयानाचे नावच स्नूपी ठेवले गेले आणि मुख्य यानाचे चार्ली ब्राउन, म्हणजे त्याच्या मालकाचे. टॉम स्टॅफर्ड आणि यूजीन सर्नन स्नूपीतून चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे १५ किलोमीटरपर्यंत खाली गेले आणि न उतरता परतले. उतरण्याचा मान दोन महिन्यांनी अपोलो ११ला मिळाला. काम संपल्यावर स्नूपीचा वरचा भाग सोडून देण्यात आला आणि तो सूर्याभोवतीच्या कक्षेत गेला. अजूनही तो तिकडेच कुठेतरी फिरतो आहे. अंतराळवीर हेल्मेटखाली जी काळी-पांढरी, ध्वनिसंचाची टोपी घालतात, तिलाही ‘स्नूपी कॅप’ म्हणतात. काळे कान आणि पांढरे डोके पाहिले की कारण विचारावे लागत नाही.

एकदा हा मान एका घड्याळ कंपनीलाही मिळाला. एप्रिल १९७०मध्ये अपोलो १३च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. वीज वाचवण्यासाठी यानातली बहुतेक उपकरणे बंद करावी लागली. पृथ्वीच्या वातावरणात योग्य कोनाने शिरायचे, तर इंजिन १४ सेकंद चालवून मार्ग सुधारणे भाग होते. अंतराळवीर जिम लव्हेल यांनी खिडकीतून दिसणाऱ्या पृथ्वीचा नेम धरून यान स्थिर ठेवले आणि जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टर घड्याळावर सेकंद मोजले. यानातले तिघेही अंतराळवीर सुखरूप परतले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ओमेगाला सिल्व्हर स्नूपी देण्यात आला. कंपनीने पुढे स्नूपीचे चित्र असलेली घड्याळे काढली आणि हौशी लोक त्यांच्यासाठी लाखो रुपये मोजतात. बिल्ला मात्र पैसे देऊन मिळत नाही, आणि ज्याला मिळतो त्यालाही तो सबंध नोकरीत एकदाच मिळतो.