इंग्लंडमध्ये नर्स म्हणून जाताना

नोंदणी : 'नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल' अर्थात एनएमसीचा 'पिन', म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळाल्याशिवाय तिथे रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करता येत नाही.

इंग्रजी : आयईएल्टीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषणात 7 आणि लेखनात 6.5, किंवा ओईटीमध्ये अनुक्रमे बी आणि सी प्लस. बहुतेकांना लेखनच जड जातं, म्हणून ही सवलत मोलाची.

दोन टप्पे : आधी सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, ती भारतातूनही देता येते. मग ऑस्की, ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच. नॉर्दम्प्टन गावातलं विद्यापीठ हे तिचं एक केंद्र. परीक्षेत एकूण 10 स्टेशनं. हात स्वच्छ करणं, मनगटावरची पट्टी पाहून नाव-जन्मतारीख पडताळणं, औषध देण्याआधी ॲलर्जी विचारणं : खरा कस इथेच लागतो.

वॉर्डात : कोपरापासून खाली हात उघडे. बांगड्या नाहीत, मनगटी घड्याळ नाही. घड्याळ छातीवर, उलटं टाचलेलं.

पगार : एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत पिन मिळेपर्यंत खालचा बँड, म्हणजे वेतनश्रेणी, नंतर बँड 5.

शिकायला जाणाऱ्यांसाठी : नर्सिंगची पदवी साधारण 3 वर्षांची. प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य, अध्ययन अक्षमता यांपैकी शाखा प्रवेशाच्या वेळीच निवडायची. निम्मा अभ्यास प्रत्यक्ष रुग्णसेवेत.

पिननंतर : दर 3 वर्षांनी पुनर्मूल्यांकन, 450 तासांचं काम, 35 तासांचं प्रशिक्षण.

सावध : नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणं ब्रिटिश एजन्सीला कायद्याने मना आहे.