आमरीची कुंडी पालटतांना

ऑर्किड, म्हणजेच आपल्याकडील आमरी, घरीं आणल्यावर दोन-तीन महिने मोठ्या दिमाखानें फुलते. पुढें फुलें गळतात, पानें सुरकुततात, आणि तें पाहून जो तो तिला पाणी घालूं लागतो. एकत्र कुटुंबांत हा धोका विशेष. सकाळीं आजोबा, दुपारीं सूनबाई, संध्याकाळीं मुलें! वस्तुतः घरांतील बहुतेक आमरी तहानेनें नव्हे, तर पाण्यांत गुदमरून मरतात. मुळें कुजलीं म्हणजे पाणी वर चढत नाहीं. त्यामुळें ओल्या कुंडींतलें रोपही तहानलेलें दिसतें.

हें कसें होतें, तें सह्याद्रीच्या रानांत पाहावें. तेथें सीतेची वेणी झाडाच्या फांदीवर वाढते. ती बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ती शोषीत नाहीं, केवळ आधार घेते. तिच्या मुळांवर टीपकागदासारखें पांढरें आवरण असतें. सर आली कीं तें पाणी टिपून हिरवट होतें, वारा सुटला कीं वाळून पुन्हां पांढरें होतें. अशा मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील कोंदट, तापविलेल्या काचघरांत हीं रोपें मोठ्या प्रमाणांत मेलीं. १८३० नंतर चॅट्सवर्थ येथें जोसेफ पॅक्स्टन यांनीं हवा खेळती ठेवली, तेव्हां तीं जगूं लागलीं.

कुंडी पालटण्याचा योग्य काळ म्हणजे फुलें सरून नव्या कोंबाच्या बुडाशीं मुळांचे अंकुर दिसूं लागतात तो. मात्र कुजत चाललेल्या रोपाला मुहूर्त पाहूं नये. कुंडी थोडा वेळ पाण्यांत ठेवून रोप हलक्या हातानें सोडवावें. घट्ट, भरीव मुळें राखावीं. दाबतांच पोकळ लागतात, ज्यांची साल निसटून आंत नुसता दोरा उरतो, तीं निःशंकपणें छाटावीं. प्रत्येक रोपापूर्वीं कात्रीचें पातें ज्योतीवर धरावें, कारण कित्येक रोग पात्यावरूनच दुसऱ्या रोपास जडतात. छाटल्या जागीं हळद लावण्याची चाल आहे, तीस हरकत नाहीं. पण दोन-तीन दिवस पाणी न घालणें हेंच खरें औषध.

मोठ्या कुंडीचा मोह टाळावा. मुळें जेमतेम मावतील एवढीच, भोंकांची कुंडी घ्यावी, आणि तींत माती मुळींच न घालतां लोणारी कोळसा, विटांचे खडे व नारळाच्या सोडणाचे भिजवून धुतलेले तुकडे भरावे.

आतां वाटणीविषयीं. सर्वच आमरी वाटणीला राजी नसतात! डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम ह्यांचें खोड आडवें सरकतें आणि त्यावर एकामागून एक कांडीं उभीं राहतात. तेवढ्यांचीच वाटणी करावी, आणि प्रत्येक वाट्यास निदान तीन कांडीं व एक जिवंत डोळा यावा. ह्याहून लहान तुकडे केल्यास रोपांची संख्या वाढते, फुलें मात्र वर्षानुवर्षें दिसत नाहींत. पानें झडलेलीं जुनीं कांडीं निरुपयोगी समजून टाकूं नयेत; तीं रोपाची कोठी आहेत, आणि डेंड्रोबियमच्या अशा कांड्यावर कधीं कधीं पिल्लूही फुटतें. फॅलेनॉप्सिस, व्हॅण्डा व आपली सीतेची वेणी मात्र एकाच खोडानें वर वाढतात. त्यांना मधोमध चिरणें म्हणजे घात होय.

ज्याचीं सर्वच मुळें गेलीं आहेत असें रोप ओलसर शेवाळावर, पण बुडाला पाणी न साचेल अशा बेतानें, दमट सावलींत ठेवावें. खत घालूं नये, तें पचविण्यास मुळेंच नसतात. फॅलेनॉप्सिसचा गाभाच कुजला असल्यास आशा थोडी. तरी बुडांतून कधीं नवा कोंब येतो, तेव्हां रोप टाकण्याची घाई नको. नवीं मुळें दोन-तीन इंच वाढेपर्यंत महिने लागतात. तोंवर पाण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे सोंपवावें, आणि तिनेंही मुळें पांढरीं दिसल्यावांचून तांब्या उचलूं नये.