दाब उतरला की मोटार का जळते?

इंझोरी असो की मानोरा तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, हरभऱ्या-गव्हाचं ओलीत सुरू झालं की मोटारी जळायला लागतात. दोष विजेला दिला जातो, आणि तो बराचसा खराही असतो. पण जळण्याआधी मोटार इशारा देते. स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टचा काटा असतो, तसाच अँपिअरचाही. लाइन आली की आपण पहिला काटा बघतो आणि हिरवं बटण दाबतो. इशारा असतो तो दुसऱ्यावर.

रॉडचं गणित

सुरुवात सोप्या उपकरणापासून करू. पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर करंट घेतो. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो : २३० ÷ ४.३५, म्हणजे जवळपास ५३ ओहम. गुणलं की शक्ती मिळते : १००० वॅट. यातला भागाकाराचा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला.

आता दाब १८० व्होल्टवर उतरला असं धरा. रॉडचा रोध जवळपास तोच राहतो, म्हणून करंट ३.४ अँपिअरवर येतो आणि शक्ती उरते साधारण ६१२ वॅट. पाणी तापायला वेळ लागतो, पण रॉडचं काही बिघडत नाही.

मोटारीला हा भागाकार चालत नाही

५ एचपीच्या थ्री फेज मोटारीची पाटी वाचा. ४१५ व्होल्ट, साधारण ८ अँपिअर. रॉडसारखाच भागाकार केला तर उत्तर ५२ ओहम येतं. पण लाइन बंद करून, केबल सोडवून वाइंडिंगच्या टोकांना मल्टिमीटर लावला तर तो जेमतेम काही ओहम दाखवतो. उरलेला अडथळा तांब्याच्या तारेचा नाही. फिरणाऱ्या मोटारीत चुंबकीय क्षेत्रामुळे उलटा दाब तयार होतो आणि तोच करंटला आवरून धरतो. मोटार थांबलेली असताना हा आवर नसल्यासारखाच असतो, म्हणून थेट चालू करताना ती क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते.

शक्ती काढतानाही नुसता गुणाकार पुरत नाही. थ्री फेजसाठी १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं : १.७३२ × ४१५ × ८ × ०.८, म्हणजे सुमारे ४६०० वॅट. एक एचपी ७४६ वॅटचा, तेव्हा दांड्यावर मिळतात ३७३० वॅट. बाकीची वीज उष्णतेत आणि घर्षणात जाते.

दाब कमी, करंट जास्त

मोटारीचं रॉडपेक्षा वेगळं वागणं इथे दिसतं. पंपाला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, त्यामुळे मोटार शक्ती सोडत नाही. दाब ४१५ वरून ३४० वर आला तर ती ८ ऐवजी जवळपास ९.८ अँपिअर ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. आकडा सव्वापटच वाढलाय असं वाटतं, पण तांबं दीडपट तापत असतं. एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवरचा करंट याहूनही चढतो.

करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले यासाठीच असतो. तो वारंवार पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणं म्हणजे मोटार जाळायला मोकळीक देणं. रिलेचा आकडा पाटीवरच्या अँपिअरवरच हवा.

केबलमध्ये हरवलेले व्होल्ट

विहीर डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असली की दोष आपल्या केबलचाही असतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ३०० मीटर तारेचा रोध सुमारे २ ओहम. १० अँपिअर वाहिले की दोन फेजमधल्या दाबात ३५ व्होल्टची घट होते आणि तिन्ही तारांत मिळून ६०० वॅटहून अधिक वीज नुसती तापण्यात जाते. ४ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर घट २२ व्होल्टवर येते. केबल महाग पडते खरी, पण रिवाइंडिंगचा खर्चही काही कमी नसतो.

डीपीवर सगळे एकदम

१०० केव्हीएची डीपी पूर्ण भारावर साधारण १३३ अँपिअर देते. ५ एचपीचे दहा पंप चालू असले तर ८० अँपिअर लागतात. हिशेब आरामात बसतो. पण दहाही पंपांना ऑटो स्विच असेल तर लाइन येताच सगळे एकाच क्षणी उठतात आणि मागणी ४०० अँपिअरवर जाते. फ्यूज उडतो, कधी डीपीच जाते, आणि मग सगळ्यांचंच ओलीत अडतं. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवायला सांगतं. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला तर डीपीवरून येणारा करंट ८ वरून पावणेसातच्या आसपास येतो.

कॅपॅसिटरचा सल्ला मला पूर्ण पटतो, ऑटो स्विच काढण्याचा अर्धाच. मध्यरात्री लाइन येते तेव्हा थंडीत, सापविंचवाच्या वाटेने विहिरीपर्यंत जायला कोणाला सांगायचं? त्यापेक्षा एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी टायमरचे स्टार्टर बसवून वेळा वाटून घ्याव्यात : पहिला पंप लाइन आल्यावर अर्ध्या मिनिटाने, दुसरा एका मिनिटाने, तिसरा दीड मिनिटाने. दहावा पंप पाच मिनिटांत चालू होतो, आणि डीपीवर एका वेळी एकाच मोटारीचा झटका येतो.