एकटीच काय हसतेस?

मला हसायला आवडतं. वाचायला किती साधं वाक्य, नाही? पण चाळिशी ओलांडलेल्या बाईनं ते चारचौघींत म्हणून बघावं! 'मला गाणं आवडतं', 'मला भरतकाम आवडतं' म्हटलं की लोक कौतुकानं मान डोलावतात. 'मला हसायला आवडतं' म्हटलं, की समोरची बाई तुमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघते. हसायला आवडतं म्हणजे? हा काय छंद झाला?

दोष तिचाही नाही. 'दात काढू नकोस', 'खिदळतेस काय अशी', 'पाहुणे बसलेत बाहेर' हे ऐकतच आपण मोठ्या झालो. घरातला मुलगा चार विनोद करतो तेव्हा तो मिश्कील ठरतो, आणि तेच विनोद मुलीनं केले की ती आगाऊ! मग आपण पदर तोंडाला लावून हसायला शिकतो आणि पुढे पुढे तेही विसरतो. बचत गटाच्या निमित्तानं मी तालुक्यातल्या बऱ्याच वाड्यावस्त्यांवर जाते. दुखणी, कर्जं, नवऱ्याची दारू हे सगळं बायका मोकळेपणी सांगतात. पण 'शेवटचं पोट धरून कधी हसलात?' असं विचारलं, की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात.

माझी हसण्याची वेळ ठरलेली आहे. रात्री ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागलं, सासूबाईंच्या गोळ्या देऊन झाल्या की अर्धा तास माझा. कानात इअरफोन, हातात मोबाइल. हे यंत्र लेकीनं शिकवलं. आता तीच म्हणते, 'आई, झोप आता!' सोनी मराठीवर २०१८ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधले जुने तुकडे मी पुन्हा पुन्हा बघते. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांच्यासारख्या बायका स्वतःच्या चेहऱ्याची, आवाजाची पर्वा न करता जे काही करतात ना, ते बघताना वाटतं, यांना लहानपणी कुणी 'नीट बस' म्हटलं नसेल का? 'भाडिपा'च्या व्हिडिओंमधली रेणुका दफ्तरदार यांची आई पाहिली, की लेक माझ्याकडे बघून हसते आणि मी तिच्या आजीकडे बघून! शेजारच्या खोलीतून आमच्या ह्यांचा प्रश्न येतो, "एकटीच काय हसतेस गं?" मी म्हणते, "तुम्हीही या." पण बातम्या चालू असतात ना!

तसं हे वेड लहानपणापासूनचं. आमच्या घरी पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेट होत्या. 'म्हैस' तर इतकी वाजली, की टेप गुंतायची आणि वडील पेन्सिल घालून ती सोडवत बसायचे. एसटीला म्हैस आडवी येते, गाडी थांबते, गर्दी जमते, पुढारी येतो, पंचनामा होतो, प्रत्येक जण आपापली पोळी भाजून घ्यायला बघतो आणि शेवटी ती म्हैस उठून चालू लागते! तेव्हा नुसतं हसू यायचं. सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लागल्यावर कळलं, की अख्खा कारभार त्या एका म्हशीभोवती उभा केलाय.

मग १९८९ साली दूरदर्शनवर जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' आला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. हिंदी निम्मंच कळायचं. पण फोनची लाइन मिळत नाही, कंत्राटदारानं बांधलेलं पडतं, हे आमच्याही गावात होतंच की! श्रेयनामावलीत 'दिग्दर्शन' म्हणायच्या जागी 'चुकीचं दिग्दर्शन' अशा अर्थाचा शब्द असायचा, आणि भागाच्या शेवटी एखाद्या सिनेमाच्या चालीवर विडंबनाचं गाणं. त्यांच्या पत्नी सविता भट्टी त्या कार्यक्रमात होत्या. बायकोला नुसती विनोदाचा विषय न करता विनोदात सामील करून घेतलेली मी पहिल्यांदा तिथं बघितली.

गाण्यातली थट्टा मला तेव्हापासून सगळ्यांत प्यारी. भाषणानं जे होत नाही ते गाण्यानं होतं. २०१७च्या पावसाळ्यात 'सोनू' नावाच्या गाण्यानं सगळ्यांना वेड लावलं होतं, आठवतं? त्याच चालीवर मुंबईतली रेडिओ निवेदक मलिष्का हिनं खड्ड्यांवर आणि महापालिकेवर गाणं केलं. दोन दिवसांत ते मुंबईच काय, आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं. आमच्या गटातल्या बायकांनी मुंबईचा खड्डा कधी बघितला नव्हता. पण खड्डा कुठला का असेना, पाय मुरगळायचा तो मुरगळतोच! लगेच एकीनं त्यात आमच्या स्टँडजवळचा रस्ता घातला, दुसरीनं नळाचं पाणी घातलं.

हे इतकं सहज कसं जमतं, याचा मी विचार करत होते. मग लक्षात आलं, अरे, हा तर आपला हादगाच!

पुण्याकडे भोंडला म्हणतात, आमच्याकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. ती गाणी नीट आठवा. चाल तीच, कडवं तेच, दर फेरीला एक शब्द बदलायचा. म्हणून ती निरक्षर बाईलाही पाठ होतात आणि तिला त्यात स्वतःचं काही घालताही येतं. सोनूच्या गाण्याची घडण अगदी तशीच. चाल आधी सगळ्यांच्या ओठावर होतीच, फक्त आपलं दुखणं त्यात बसवायचं.

आणि विषय काय असतात हो या गाण्यांचे? कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू नाही म्हणत नाही. ती म्हणते, आधी वेल लाव, मग जा. वेल लावला तर कोंब येऊ दे. कोंब आला तर फूल येऊ दे. मग कारलं लागू दे, मग त्याची भाजी होऊ दे... 'नाही' न म्हणता नकार कसा द्यावा, याचा इतका पक्का धडा मी दुसरीकडे बघितला नाही. 'श्रीकांता कमलकांता'त तर नवराच वेडा. बायकोनं केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो. मुली खिदळतात. पण काही ठिकाणी त्या गाण्याचा शेवट काय होतो माहीत आहे ना? झोपलेली बायको मेली समजून तो तिला जाळून टाकतो! लहानपणी मी तेही टाळ्या वाजवत म्हटलंय. आज पोळलेल्या बायकांना दवाखान्यात भेटून आल्यावर वाटतं, त्या गाणाऱ्या बायकांना सगळं माहीत होतं. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून फेर धरून बोलल्या.

संत एकनाथांनी सोळाव्या शतकात हे बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या एका भारुडात सून देवीला नवस बोलते, सासरा, सासू, नणंद, सगळ्यांची वाट लाव आणि मला एकटीला राहू दे! अर्थ अध्यात्माचा, विकार जाऊन जीव एकटा उरावा असा. पण कीर्तनात बायका हसतात त्या अध्यात्माला हसतात, असं मला तरी वाटत नाही. घराच्या आतही एक सरकार असतं. त्या सरकारवरची टीका बायकांनी कधीपासून गाण्यात घालून ठेवली आहे. राजकीय विडंबन म्हणजे पुरुषांचं, वर्तमानपत्रातलं, असं आपण उगाच समजतो.

याचा अनुभव मला एका सरकारी कार्यालयाच्या बाकड्यावर आला. आमच्या गटातल्या एक मावशी, नवरा जाऊन वर्ष झालेलं. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला दीड हजार रुपये मिळावेत म्हणून अर्ज केलेला. उत्पन्नाचा दाखला आणा. आणला. रहिवासी दाखला आणा. आणला. मृत्यूच्या दाखल्यावर नावातली वेलांटी चुकली, ती दुरुस्त करून आणा. तीही झाली. आता साहेब रजेवर. चौथ्या खेपेला मावशी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बास झालं बाई. एका खेपंला सत्तर रुपये जात्यात. मी काय आता येत न्हाई."

बरोबरच्या आक्कांनी हळूच कारल्याच्या वेलाची चाल धरली. पण वेलाच्या जागी उत्पन्नाचा दाखला, फुलाच्या जागी झेरॉक्स आणि सासूच्या जागी टेबल! दुसरीनं पुढचं कडवं लावलं, तिसरीनं शिक्का आणला. बाकडंभर बायका हसायला लागल्या. मावशी आधी रागावल्या आणि मग त्यांनीच साहेबांच्या रजेचं कडवं जोडलं. आतला शिपाई बाहेर आला, ऐकून तोही हसला आणि म्हणाला, "बायांनो, हळू!"

म्हणून काम लगेच झालं का? नाही. पुढे साडेचार महिने लागले. गाण्यानं फाईल हलत नाही, हे मलाही कळतं. पण मावशी पाचव्यांदा आल्या, सहाव्यांदाही आल्या. रडून घरी गेलेली बाई परत येईलच असं नाही. मावशी हसून घरी गेल्या होत्या. माझ्या लेखी हसण्याची किंमत ही आहे. आज त्यांच्या खात्यात पैसे जमा होतात.

त्या दिवशी एका सुनेनं सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. "टाकू का काकू मोबाइलवर? लाखभर लोक बघतील." मी मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "टाक की. पर माझं त्वांड दावू नगंस. साह्यबाला कळलं तर माझा कागुद तिथंच ऱ्हाईल." व्हिडिओ आमच्या गटाबाहेर गेला नाही.

मावशींची भीती खोटी नव्हती. मलिष्काचं गाणं गाजलं त्याच जुलैमध्ये तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस महापालिकेनं काढली आणि पाचशे कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावा, अशी मागणी काही नगरसेवकांनी केली. उत्तर म्हणून उलट गाणंही केलं गेलं, ते मात्र मला आवडलं. गाण्याला गाण्यानं उत्तर द्यावं, नोटिशीनं नव्हे! भोजपुरीत 'यूपी में का बा' गाणाऱ्या नेहा सिंह राठोड हिच्या घरी फेब्रुवारी २०२३मध्ये पोलिसांची नोटीस गेली. मार्च २०२५मध्ये कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून खारमधल्या, तो कार्यक्रम झाला त्या जागेची मोडतोड झाली. कुठला विनोद चांगला, कुठला वाईट, यावर आपली मतं वेगळी असतील. असावीतच! विनोद आवडला नाही तर हसू नये, टीका करावी, हवं तर उलटा विनोद करावा. पण सत्ता कुणाचीही असो, विरोधात असताना ज्यांना थट्टा फार आवडते त्यांनाच खुर्चीवर बसल्यावर ती टोचायला लागते, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय. नामवंतांचं हे, तर बाकड्यावरच्या मावशींचं काय?

मला सगळ्याच विनोदांना हसू येतं असंही नाही बरं का! सकाळी सकाळी मोबाइलवर 'बायको माहेरी गेली'छाप विनोद येतात. जाड बाई, काळी बाई, बडबडी बाई. लुगडं नेसून मुरडणारा पुरुष. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर असं काही आलं, की मी एवढंच लिहिते, 'भाऊजी, यात हसायचं कुठे ते कळलं नाही, समजावून सांगता का?' विनोद समजावून सांगायला लागलं की तो मरतोच. हल्ली ते विनोद बरेच कमी झालेत! माझी पट्टी सोपी आहे. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्यावर हसावं. ज्याच्या पाठीवर ती बसते त्याच्यावर नाही. पु. लं.ची म्हैस, भट्टींचा कंत्राटदार, हादग्यातली सासू, सगळे या पट्टीत बसतात. आणि आपण स्वतः सासू झालो की आपणही त्यात येतो, याची तयारी हवी! परवा माझ्या सासूबाईंना कार्यालयातलं ते गाणं ऐकवलं. ऐंशीच्या घरातल्या, ऐकू कमी येतं. दोनदा ऐकल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी यात माझ्या सासूचं नाव होतं. तिच्यासमोरच म्हणायचो. तिला वाटायचं, गाणं आहे."

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा हस्त लागला की पाटावर हत्ती काढा, फेर धरा, जुनी गाणी म्हणाच. पण शेवटचं एक कडवं तुमचं असू द्या. नळाला दिवसाआड येणारं पाणी असेल, रेशनच्या दुकानात न उठणारा अंगठा असेल, नाहीतर घरातच बसलेलं एखादं टेबल असेल. व्हिडिओ काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आणि कुणी विचारलंच, की एवढं हसायला काय झालं, तर म्हणा, खिरापत ओळखा!